आधी वेग, मग पट्टी, मग रंग

जुन्या तबकडीवरचं गाणं कोणत्या पट्टीत आहे, असं चाळीसगावातल्या कुठल्याही पेटीवाल्याला विचारा. तो दोन-तीन सूर चाचपेल आणि सांगून टाकेल, ‘काळी दोन’. त्याच्या कानात खोट नाही. पण ही काळी दोन त्या घटकेला तबकडी ज्या वेगानं फिरत होती, त्या वेगाची आहे. गाणारा प्रत्यक्ष गायला तेव्हा त्याचा षड्ज पांढरी दोनवरही असू शकतो. तबकडी जरा जलद फिरली की सूर चढतो, त्याच प्रमाणात लय वाढते, आणि दोन्हींच्या ओढीनं गाण्याचा रंगही पालटतो. म्हणून जुनं ध्वनिमुद्रण नीट ऐकायचं तर क्रम ठरलेला आहे: आधी वेग, मग पट्टी, मग लय आणि सगळ्यात शेवटी मूड. बहुतेक जण उलट्या टोकानं सुरुवात करतात. ‘काय करुण गायलंय!’ हे आधी ठरतं आणि तबकडीचा वेग कुणी मोजतच नाही.

हे समजून घ्यायला ऑपेरेटातला वॉल्ट्झ आणि आपलं नाट्यपद शेजारी ठेवून ऐकावं. ऑपेरेटा म्हणजे व्हिएन्नाकडचं हलकंफुलकं संगीत नाटक. ऑपेरात जवळजवळ सगळं गाऊनच सांगायचं, ऑपेरेटात मात्र पात्रं बोलतात आणि मधेच गाऊ लागतात. म्हणजे घाट आपल्या संगीत नाटकाचाच. काळही फार लांबचा नाही. योहान स्ट्राउसचं ‘डी फ्लेडरमाउस’ व्हिएन्नात १८७४ साली रंगमंचावर आलं आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० साली. फ्रान्झ लेहारचं ‘द मेरी विडो’ १९०५ सालच्या डिसेंबरातलं. ‘मानापमान’ १९११ चं, ‘स्वयंवर’ १९१६ चं. मुंबईत मॉरिस बँडमन या नाटकवाल्यानं जहांगीर काराकांसोबत रॉयल ऑपेरा हाउस उभं केलं, त्याचं उद्घाटन १९११ सालीच झालं. इंग्रजी संगीत खेळांसाठी बांधलेल्या त्या रंगमंचावर पुढे मराठी नाटकंही झाली.

खान्देशाचा या कथेशी संबंध अगदी दूरचा नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावला नातेवाइकांकडे राहत असताना मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले. जळगावला आजही त्यांच्या नावानं दरवर्षी संगीत महोत्सव भरतो.

आता वेगाकडे येऊ. आपण सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड’ म्हणतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. हा आकडा पक्का झाला तो विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यावर, १९२५ च्या सुमारास. त्याआधी कुणी ७४ वर मुद्रण करी, कुणी ८० वर. एकाच कंपनीचे दोन दौरेही एकसारखे नसत. ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गनं १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गोहरजानचं गाणं टिपलं, त्या दौऱ्यातून आपल्याकडच्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली. मुद्रण इथं व्हायचं, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. कोणतं गाणं कुणाचं हे तिथल्या माणसाला कळावं म्हणून गोहरजान गाणं संपताना आपलं नाव इंग्रजीत पुकारायची. तिनं नाव सांगितलं, पण यंत्र किती वेगानं फिरत होतं हे कुणीच सांगून ठेवलं नाही. आपली सगळी पंचाईत तिथं आहे.

वेग मोजायचा सोपा उपाय असा. तबकडीच्या कडेला कागदाचा बारीक कपटा चिकटवा, सुई तबकडीवर टेकलेली असतानाच अर्धा मिनिट फेरे मोजा. ३९ आले तर यंत्र ७८ वर आहे. सुई उचलून मोजू नका, कारण सुईच्या घासण्यानं वेग थोडा उतरतो. चावीचा ग्रामोफोन असेल तर बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटाला असं दोनदा मोजा. स्प्रिंग सैल पडत गेली की गाणंही खाली बसत जातं. जरा नेमकेपणा हवा तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गोल चकती तबकडीवर ठेवतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. चकतीवर ७७ पट्ट्या असतील तर मिनिटाला ७७.९२ फेऱ्यांना त्या जागच्या जागी थिजल्यासारख्या दिसतात. यासाठी चोकवाली जुनी ट्यूबलाइट चांगली. चांगला एलईडी दिवा लुकलुकतच नाही, त्यामुळे त्याच्या उजेडात पट्ट्या थिजायचं नाव घेत नाहीत.

यंत्राचा वेग असा कळला तरी मूळ मुद्रण कोणत्या वेगाचं होतं, हा प्रश्न उरतोच. तिथं त्रैराशिक लागतं. चाळीसगावपासून थोड्या अंतरावर पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त त्रैराशिक शिकवलेलं आहे, आणि आपल्याला इथं त्याहून अवघड गणित करायचं नाही. वेग जेवढ्या पटीनं वाढतो, तेवढ्याच पटीनं सुराची कंपनं वाढतात. शेजारच्या दोन सुरांत, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांत, जवळजवळ सहा टक्क्यांचा फरक असतो. म्हणजे सुमारे ७३.६ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की अख्खं गाणं बरोबर एका सुरानं वर सरकतं.

एक गणित शेवटपर्यंत करून पाहू. समजा, एका नाट्यपदाची तबकडी तुम्ही ७८ वर लावलीत. मोबाइलवरचा ट्यूनर षड्ज दाखवतो सेकंदाला २८५ कंपनं. आजच्या प्रमाणानं काळी एक असते २७७ च्या किंचित वर आणि पांढरी दोन असते २९३.७ च्या आसपास. २८५ दोन्हींत बसत नाही. साथीला सारंगी असती तर काही बिघडलं नसतं, ती गायकाच्या गळ्याला हवी तशी मिळवून घेता येते. पण संगीत नाटकाच्या साथीला ऑर्गन असे. पायानं भाता चालवायचा, आत धातूच्या पट्ट्या, त्यांचे सूर ठाम. दोन पट्ट्यांच्या मधला सूर त्यातून निघतच नाही. म्हणजे गाणं काळी एकचं असेल तर मूळ वेग ७८ गुणिले २७७.२ भागिले २८५, साधारण ७५.९ होता. पांढरी दोनचं असेल तर साधारण ८०.४ होता.

तिसरी शक्यता सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. ४४० कंपनांचं आजचं प्रमाण जगानं मानलं ते १९३९ साली. त्याआधी विलायतेत ४५२ च्या आसपासचा चढा सूरही चालत असे. अशा चढ्या ऑर्गनची काळी एक धरली तर ती बरोबर २८५ च्या जवळ येते! म्हणजे तबकडी खरोखरच ७८ ची असेल आणि वाद्यच चढं असेल. मग निवाडा कसा करायचा? त्याच नाटकमंडळीच्या, त्याच वाद्यावरच्या, पण वेगवेगळ्या खेपेला मुद्रित झालेल्या तबकड्या लावून पाहायच्या. सगळीकडे सूर तेवढाच चढा दिसला तर ऑर्गन चढा, खेपेगणिक बदलला तर वेग वेगळा. कोणती तबकडी कोणत्या खेपेची, हे लेबलच्या भोवतीच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेल्या क्रमांकावरून ओळखता येतं. लेबलावरच्या विक्रीच्या क्रमांकावर यासाठी विसंबू नये.

पट्टीबद्दल आणखी दोन गोष्टी. वॉल्ट्झची पट्टी शोधताना सुरुवातीचा सूर धरू नका. तिकडे मधल्या भागात षड्जच हलवतात: मूळ मध्यमाला नाही तर पंचमाला सा करून चार-आठ ओळी गातात आणि परत घरी येतात. म्हणून ध्रुवपदाचा शेवट कुठे टेकतो, ते ऐकायचं. ‘मेरी विडो’तल्या प्रसिद्ध युगुलगीताची मूळ पट्टी जी मेजर, म्हणजे आपली पांढरी पाच सा आणि त्यावर बिलावलचे सूर. गाणाऱ्यांच्या गळ्यानुसार ही पट्टी तबकड्यांवर वर-खाली केलेली आढळते, तेव्हा छापील स्वरलिपीत जी मेजर आहे म्हणून तबकडीचा वेग ओढूनताणून तिथं बसवू नये. आपल्याकडे षड्ज हलत नाही, पण वेगळीच फसगत होते. पुष्कळ पदं, विशेषतः भैरवीतली, मध्यमाला सा करून गातात. ऑर्गन काळी एकला मिळालेला आणि गाणारा पांढरी सहाच्या आसपास सा मानून गातोय असं वाटलं तर आधी हिशेब जुळवून बघा. काळी एकचा मध्यम काळी तीन. तो जुळत नसेल तर तुमचंच कुठेतरी चुकलंय.

लग्नाच्या बँडमधली पितळी वाद्यं ज्यांच्या कानात आहेत, त्यांना इथं एक आधार आहे. बँडमधला नेहमीचा ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटचे असतात, म्हणजे काळी पाचचे. त्यामुळे काळी पाच आणि काळी दोन या पट्ट्या बँडवाल्याला हाताखालच्या. ऑपेरेटाच्या वाद्यवृंदात व्हायोलिनं मोठ्या संख्येनं असतात आणि त्यांच्या उघड्या तारा पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन अशा. जी आणि डी या पट्ट्यांत त्या तारा मोकळ्या गुंजतात, म्हणून तिकडच्या वॉल्ट्झला त्या पट्ट्या मानवतात. पट्टी म्हणजे नुसता गायकाचा गळा नव्हे, वाद्यांची सोयही त्यात आलीच.

आता लय. वॉल्ट्झ तीन मात्रांचा: पहिलीवर खर्जाचा ठोका, दुसरी-तिसरीवर वरचे हलके सूर. मोजताना फक्त ‘एक’ मोजायचा. मिनिटाला ६० ‘एक’ आले तर तो नाचाचा व्हिएन्नी वॉल्ट्झ, म्हणजे १८० मात्रा. इंग्रजी संथ वॉल्ट्झ याच्या निम्म्याच लयीचा, मिनिटाला ३० च्या आतबाहेर. ऑपेरेटातले गाण्याचे वॉल्ट्झ बरेचदा या दोहोंच्या मधे कुठेतरी असतात, कारण नाचणाऱ्याचा पाय आणि गाणाऱ्याचा श्वास दोन्ही सांभाळायचे असतात. आपला दादरा सहा मात्रांचा. त्याचं एक आवर्तन दोन सेकंदांत पुरं झालं की १८० मात्रांची तीच व्हिएन्नी लय होते. हिंदी चित्रपटात सलील चौधरींनी ‘मधुमती’तल्या (१९५८) ‘सुहाना सफर’ला जी डोलणारी चाल दिली, तिच्यात या दोन्ही गोष्टींची सोयरीक कानाला लगेच जाणवते.

पण दादरा म्हणजे दोन वॉल्ट्झ जोडून ठेवले, असं म्हणणं मला पटत नाही. दादऱ्याच्या पहिल्या तीन मात्रा भरीच्या, पुढच्या तीन खालीच्या. चौथ्या मात्रेला बायाँ हात आखडता घेतो आणि ताल क्षणभर हलका होतो. वॉल्ट्झमध्ये प्रत्येक तिकडीला खर्जाचा ठोका सारख्याच मानानं पडतो. शिवाय व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित लवकर घेतात, त्यामुळे तिसरीच्या आधी बारीकसा अवकाश राहतो आणि नाचणाऱ्याला गिरकी पुरी करायला तो मिळतो. आपला तबलजी मात्रा सहसा हलवत नाही. तिथं गाणाराच मागं रेंगाळतो आणि समेला येऊन मिळतो.

आता गंमत अशी, की १९२५ च्या आधीच्या तबकड्यांवर हा फरक जवळजवळ पुसला जातो. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच पाडायची. खालचे सूर त्यात उतरतच नसत. बायाँचा घुमारा खालचा, म्हणून तो गेला. आणि बायाँ गेला की भरी आणि खाली यांतला भेद कानाला सापडेना. उरला नुसता डाग्याविना तबला, तीन-तीनच्या टिचक्या. अशी तबकडी ऐकून कुणाला आपलं पद ‘इंग्रजी चालीचं’ वाटलं तर दोष चालीचा असेलच असं नाही. तिकडेही हाच त्रास होता. खर्जाचं मोठं व्हायोलिन कर्ण्यात ऐकू येईना म्हणून तिथं ट्यूबा घेत, आणि साध्या व्हायोलिनलाही धातूचा कर्णा लावत. त्यामुळे त्या काळच्या मुद्रणातला वॉल्ट्झ मूळ नाटकगृहातल्यापेक्षा थोडा बँडसारखा, दणदणीत वाटतो. तो लेहारचा स्वभाव मानायचं कारण नाही.

लय मोजताना आणखी एक धरून चाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत. बालगंधर्वांचं एक पद नाटकात ‘वन्स मोअर’ घेत घेत किती वाढे, याच्या आठवणी मराठीत ढिगानं लिहिल्या गेल्या आहेत. तबलानवाज अहमदजान थिरकवा आणि सारंगीनवाज कादरबक्ष यांच्यासारखी माणसं गंधर्व मंडळीच्या साथीला बसत, तेव्हा गाणं विस्तारायला जागा होती. तबकडीसाठी तेच गाणं तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे आलाप कापायचे नाही तर लय चढवायची. बहुतेकांनी दोन्ही केलं. म्हणून तबकडीवरची लय ही त्या दिवशीच्या तीन मिनिटांची लय आहे. तीन मिनिटांची बाजू ७८ ऐवजी ७४ वर वाजवलीत तर जवळपास दहा सेकंद लांबते, हेही लक्षात असू द्या. घड्याळावर मोजलेला काळ वेगाशिवाय लिहून ठेवला तर त्याला अर्थ नाही.

इतकं झाल्यावरच मूडकडे वळावं. मूड ठरतो तो लय, सुरांची निवड, आवाज गळ्याच्या कोणत्या भागातून येतो आणि साथ किती दाट आहे, या सगळ्यांच्या मेळातून. चाळीसगावच्या केकी मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा पाडून ते अख्खं दृश्य उभं करत. त्यातला भाव एका वस्तूत सापडत नाही, मांडणीत सापडतो. वॉल्ट्झच्या बाबतीत ‘मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी’ हे समीकरण शाळेत शिकवतात, पण ऑपेरेटा ते सर्रास मोडतो. ‘मेरी विडो’तलं ते युगुलगीत मेजरमध्येच आहे, आणि तरी त्यात हुरहुर भरून राहिली आहे. दोन जुने प्रेमिक ताठा सोडायला तयार नाहीत, आणि नाचता नाचता सुरांनीच कबुली देऊन टाकतात. ती हुरहुर येते संथ लयीतून आणि ओळीच्या टोकाला गाणारा जो सूर धरून ठेवतो त्यातून. तबकडी सहा टक्के जलद लावा, तो धरलेला सूर आखूड होतो आणि हुरहुरीचा खट्याळपणा होतो.

आपल्याकडे याचा फटका ‘एकच प्याला’ला (१९१९) सगळ्यात जास्त बसतो. गडकऱ्यांच्या त्या नाटकात बालगंधर्व सिंधू करत. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. सिंधू सोसणारी, खालच्या आवाजात बोलणारी बाई आहे. तिची पदं एका सुरानं वर चढलेली ऐकली की गळा कोवळा, अल्लड वाटू लागतो आणि सिंधूच्या जागी कुणी नवथर मुलगी गात असल्याचा भास होतो. उलट ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी. भास्करबुवा बखल्यांनी तिच्या ‘नाथ हा माझा’ला यमन दिला. प्रसन्न नायिका आणि प्रसन्न राग, त्यामुळे ते पद थोडं चढं वाजलं तरी फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. वेगाची चूक आनंदी गाण्यात लपते आणि करुण गाण्यात उघडी पडते. म्हणून एखाद्या संचातल्या तबकड्यांचा वेग तपासायचा झाला तर मी आधी करुण पद लावीन.

पुढे केशवराव भोळ्यांनी ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकात पदांचा विस्तारच कमी केला आणि भावाला मोजकी जागा दिली. त्या सुमाराला मायक्रोफोनही आला होता, हळू गायलेलं टिपलं जाऊ लागलं होतं. भावगीताच्या जवळ जाणारं ते गाणं आधीच्या कर्ण्याच्या काळात तबकडीवर उतरलंच नसतं, असं माझं मत आहे.

संगणकावर ही दुरुस्ती करणाऱ्यांना एक सूचना. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज पिच’, ‘चेंज टेम्पो’ आणि ‘चेंज स्पीड अँड पिच’ अशा तीन सोयी असतात. पहिली सूर हलवते आणि लय तशीच ठेवते, दुसरी लय हलवते आणि सूर तसाच ठेवते. तबकडीची चूक ही नेहमी दोन्हींची एकत्र चूक असते, म्हणून तिच्यासाठी तिसरीच वापरायची. पहिली वापरून षड्ज काळी एकवर आणला आणि लय चढलेलीच ठेवली, तर जे गाणं हाती लागतं ते कुणी कधीच गायलेलं नसतं.

जळगाव, धुळे, चाळीसगावच्या जुन्या घरांत माळ्यावर अजून तबकड्या निघतात. त्या भंगारात घालण्याआधी एकदा दाखवा तरी कुणाला. शेलॅकच्या या तबकड्या ठिसूळ असतात. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. वाजवायच्याच असतील तर पोलादी सुई एका बाजूपुरतीच, दुसऱ्या बाजूला नवी घाला. आणि पाकिटावर पेन्सिलीनं गाण्याच्या नावाबरोबर तीन आकडे लिहून ठेवा: कोणत्या वेगावर वाजवली, त्या वेगाला षड्ज कुठे आला आणि एक आवर्तन किती सेकंदांत झालं. पुढच्या माणसाचं निम्मं काम त्यातच होतं.